छोट्या राउटरचा वेळ जातो कुठे?

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. लोखंडी सळई आणि संकरित बियाणे या दोन गोष्टींनी हे शहर देशभर पोहोचवले. महिको ही बियाणे कंपनी १९६४ मध्ये इथेच सुरू झाली आणि रोलिंग मिलमुळे मोटर, बेअरिंग, वेल्डिंग ही इथल्या कित्येक घरांतली रोजची भाषा झाली. अशा गावात तीन-चार स्टेपर मोटर, अॅल्युमिनियमचे सेक्शन, एक आर्डुइनो आणि एक ट्रिमर राउटर जोडून घरच्या खोलीत सीएनसी उभे करणे फार अवघड नाही. खरी अडचण यंत्र हलायला लागल्यावर येते. बिटने लाकडात कुठून शिरायचे, किती खोल जायचे, कोणत्या क्रमाने फिरायचे, कधी वर उचलायचे, हा सगळा मार्ग म्हणजे टूलपाथ. तो नीट आखला नाही तर तासाभराच्या जॉबला चार तास लागतात आणि वर बिट जळते ते वेगळेच.

टूलपाथ आखणारे सॉफ्टवेअर, म्हणजे कॅम, स्वस्तात मिळते का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मिळते, आणि काही तर फुकट मिळते. त्याआधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: आपल्या यंत्राचा वेळ नक्की कुठे खर्च होतो? त्याचे उत्तर हातात नसेल तर लाखाचे सॉफ्टवेअरही वाया जाते. ते असेल तर फुकटच्या साधनांतूनही उत्तम काम निघते, असे माझे ठाम मत आहे. या लेखात मुख्यतः हाच हिशोब मांडला आहे.

आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेने १९५२ मध्ये दाखवले. मूळ कल्पना जॉन पार्सन्स यांची होती आणि तिच्यामागे विमानाच्या भागांची गरज होती. तेव्हा हा खर्च लष्करालाच परवडत असे. पुढे यंत्राला आज्ञा देण्याची भाषा म्हणून जी-कोड ठरला, आणि २००९ मध्ये नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ग्रबल नावाची मोकळी प्रणाली लिहिली. काहीशे रुपयांच्या आर्डुइनो उनोवर ती तीन अक्ष चालवते. आजचे बहुतेक छोटे राउटर तिच्यावर किंवा तिच्यातून निघालेल्या ग्रबल-हॅल, फ्लुइड-एनसी यांसारख्या प्रणालींवर चालतात. आपल्याकडची आठवण ग्रबलहूनही जुनी आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम उभा केला आणि २००२ मध्ये एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅबलॅबांपैकी एक तिथे सुरू झाली. संगणकाने चालणारे कापणीयंत्र मराठी खेड्यात येऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी माहीत नाही आणि ती माहीत असायला हवी.

बाजारात मात्र वेगळीच वाट पडली. जाळी कटिंग, दरवाजे, देवघरे करणाऱ्या दुकानांत अनेक वर्षे आर्टकॅमचे राज्य आहे. हे सॉफ्टवेअर इंग्लंडच्या डेल्कॅमचे. ऑटोडेस्कने २०१४ मध्ये डेल्कॅम विकत घेतली आणि २०१८ मध्ये आर्टकॅम बंद केले. तोच धागा पुढे कार्व्हेको या नावाने चालू आहे. तरी पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या जुन्या, क्रॅक केलेल्या प्रती आजही चालतात. मोठ्या राउटरवर हाताच्या डीएसपी रिमोटने काम करणाऱ्या कारागिराला त्या सवयीच्या झाल्या आहेत, हे मी समजू शकतो. पण नव्याने शिकणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. चोरीचा माल हे कारण तर आहेच. शिवाय त्या प्रतीबरोबर संगणकात काय काय शिरते याचा भरवसा नाही, दुरुस्ती कोणी करणार नाही, आणि पुढच्या विंडोजवर ते बंद पडले की शिकलेले सगळे अडकून पडते.

आता हिशोबाकडे. बहुतेक जण यंत्राचा वेग वाढवायच्या मागे असतात, पण छोट्या यंत्रावर वेळ प्रवेग खातो. मिनिटाला १८०० मि.मी. म्हणजे सेकंदाला ३० मि.मी. ग्रबलच्या मूळ सेटिंगमध्ये प्रवेग १० आहे, म्हणजे दर सेकंदाला वेग फक्त १० मि.मी.ने वाढतो. त्या हिशोबाने ३० चा वेग गाठायला ४५ मि.मी. अंतर लागते आणि थांबायला पुन्हा ४५. नव्वद मि.मी.पेक्षा छोटी कुठलीही रेघ त्या वेगाला पोहोचतच नाही. वीस मि.मी.च्या रेघेत यंत्र फार तर मिनिटाला ८५० पर्यंत जाते आणि लगेच मंदावू लागते. फाइलमध्ये १८०० लिहा नाहीतर ३०००, काही फरक पडत नाही. हाच प्रवेग २०० केला तर ३० चा वेग सव्वादोन मि.मी.त येतो.

म्हणून टूलपाथच्या सुधारणेची सुरुवात ग्रबलच्या १२० ते १२२ या तीन क्रमांकांच्या सेटिंगपासून करावी. स्पिंडल बंद ठेवून, बिट काढून, प्रत्येक अक्ष पुढे-मागे पळवत प्रवेग थोडा थोडा वाढवत न्यावा. मोटर गचका खाऊन पावले चुकवू लागली की तिथून एक तृतीयांश मागे यावे. कापताना लाकडाचा विरोधही असतो, त्यासाठी ही सूट हवी. पैसा न लागता होणारी ही सर्वांत मोठी सुधारणा आहे. सॉफ्टवेअर बदलून वेळ वाचेल असे वाटणाऱ्यांनी आधी हे करून बघावे.

कोपऱ्यांचा हिशोबही याच्याच पोटात आहे. काटकोनी वळणावर ग्रबल जवळजवळ थांबतो. मूळ सेटिंगमधली कोपऱ्याची सूट ०.०१ मि.मी. आहे. प्रवेग २०० असला तरी त्या सुटीत काटकोनातून जाण्याचा वेग मिनिटाला सुमारे १३० मि.मी.च निघतो. तेच वळण १ मि.मी. त्रिज्येने गोल केले तर तो ८५०च्या घरात जातो. रेघांचे एकूण अंतर कमी असलेला टूलपाथ लवकर संपेल असे वाटते, पण काटकोनी वळणांनी भरलेला छोटा मार्ग गोलाईच्या लांब मार्गापेक्षा जास्त वेळ घेऊ शकतो. सॉफ्टवेअर दाखवत असलेला अंदाजी वेळ यामुळेच फसवा ठरतो. अंतर भागिले वेग एवढेच गणित अनेक साधने करतात आणि प्रवेग धरतच नाहीत.

तुकड्यांचा त्रास याहून लपलेला आहे. कोरलमध्ये काढलेली नक्षी डीएक्सएफमध्ये बाहेर काढली की तिच्या वळणांचे बऱ्याचदा हजारो इवल्या रेघांत तुकडे होतात. उनोवरचा ग्रबल पुढच्या सोळाएक हालचालीच बघू शकतो. तेवढ्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग तो धरतो, कारण सतराव्या हालचालीत काय आहे ते त्याला माहीत नसते. रेघ ०.१ मि.मी.ची असेल तर त्याची नजर १.६ मि.मी.पर्यंत पोहोचते. मूळ प्रवेगाला त्यातून मिनिटाला ३४० मि.मी. वेग मिळतो आणि प्रवेग २०० केला तरी १५००च्या आसपास. वर यूएसबीच्या तारेतून सेकंदाला अडीचशे ओळी पाठवण्याचा ताण येतो. यंत्र अडखळत, थरथरत चालते आणि कडेला बारीक दातरे उमटतात. लोक मोटर बदलतात, स्क्रूला तेल घालतात, पण दोष फाइलमध्ये असतो. तीच वळणे कमानीच्या आज्ञेत, म्हणजे जी-दोन आणि जी-तीनमध्ये दिली तर ग्रबल आतल्या आत त्यांचे तुकडे स्वतः करतो. दहा मि.मी. त्रिज्येच्या वर्तुळाला ते जवळपास ०.४ मि.मी.चे येतात, नजर चौपट लांब जाते आणि हालचाल सुरळीत होते. यासाठी इंकस्केप या मोफत चित्र-साधनात वळणावरचे जास्तीचे बिंदू कमी करावेत, कॅममधली अचूकतेची मर्यादा लाकडासाठी ०.०१ ऐवजी ०.०५ मि.मी. ठेवावी, आणि कमानी बाहेर काढण्याचा पर्याय असेल तर तो चालू करावा. लाकूड पावसाळ्यात एवढे फुगते की त्याला शतांश मिलिमीटरचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

वेगाच्या दुसऱ्या बाजूला बिटची धार आहे. दोन धारांचे बिट मिनिटाला १८,००० फेऱ्यांनी फिरत असेल आणि प्रत्येक धारेने ०.०५ मि.मी. लाकूड घ्यावे असे वाटत असेल, तर तिन्हींचा गुणाकार १८०० येतो, आणि तोच फीड, म्हणजे बिट पुढे सरकण्याचा दर मिनिटाचा वेग. यंत्र ६०० च्या वर जाऊ शकत नसेल आणि स्पिंडल मात्र १८,००० वरच ठेवले, तर धारेच्या वाट्याला ०.०१७ मि.मी. येते. तेवढ्यात धार कापत नाही, घासते. सागवान काळे पडते, बिट तापून बोथट होते आणि जळका वास खोलीभर पसरतो. अशा वेळी फेऱ्या १०,००० पर्यंत खाली आणाव्यात. लाकडाचा भुसा बोटांत धरून बघावा. त्यात कणीदार चिप हाताला लागली तर हिशोब बरोबर आहे, पिठासारखा लागला तर बिट घासते आहे. एमडीएफला ही कसोटी लागू नाही, कारण तो कसाही कापला तरी भुकटीच देतो. ती भुकटी फुफ्फुसाला वाईट असते. बंद खोलीत मास्क आणि व्हॅक्यूमशिवाय एमडीएफ कापू नये.

जाळीच्या कामात हिशोब आणखी बदलतो. समजा, देवघराच्या झडपेला दोनशे भोकांची जाळी आहे. एका भोकाकडून दुसऱ्याकडे जाताना बिट २५ मि.मी. वर उचलायचे, असे अनेक सॉफ्टवेअर आपणहून ठरवतात. उभा अक्ष मिनिटाला ५०० ने चालत असेल तर वर-खाली ५० मि.मी.ला सहा सेकंद लागतात. दोनशे भोकांना नुसत्या उचलण्यात वीस मिनिटे गेली आणि त्यात एक कणही लाकूड कापले गेले नाही. उंची ३ मि.मी. केली की तेच काम अडीच मिनिटांत होते. मात्र त्याआधी शीट धरणारे स्क्रू आणि क्लॅम्प मार्गात येत नाहीत ना, हे डोळ्यांनी बघून घ्यावे.

याच कामात दुसरा सापळा क्रमाचा आहे. जाडी तीन थरांत कापायची असेल आणि सॉफ्टवेअर आधी सगळ्या भोकांचा पहिला थर, मग सगळ्यांचा दुसरा अशा क्रमाने गेले, तर बिट दोनशेऐवजी सहाशे वेळा उठते. एकेक भोक पूर्ण खोल करूनच पुढे जाण्याचा पर्याय बहुतेक साधनांत असतो, तो शोधून निवडावा. त्याहून चांगली रीत म्हणजे भोकाच्या कडेने मळसूत्री फेऱ्यांनी एकाच दमात खाली जाणे. त्यात उभे शिरण्याचा जोर वाचतो आणि थर बदलताना कडेला पडणारा डागही टळतो. आतली भोके आधी आणि बाहेरची चौकट शेवटी, हा नियम प्रत्येक सुताराला उपजत कळतो. सॉफ्टवेअरला तो सांगावा लागतो. सुटणारे तुकडे बिटखाली अडकू नयेत म्हणून छोटे टॅब, म्हणजे न कापलेले जोड, ठेवावेत किंवा तळाशी अर्धा मि.मी.चा पापुद्रा सोडून नंतर पटाशीने काढावा.

खोलगट भाग कोरायचा, म्हणजे पॉकेट, तेव्हा मोठे बिट आधी घेण्याइतका फायदा दुसऱ्या कशातच नाही. शंभर बाय शंभर मि.मी.चे, ६ मि.मी. खोल पॉकेट घ्या. तीन मि.मी.च्या बिटने १.२ मि.मी. अंतर ठेवून दीड-दीड मि.मी.च्या चार थरांत ते केले तर बिट सुमारे ३३ मीटर चालते. सहा मि.मी.च्या बिटने २.४ मि.मी. अंतर आणि ३ मि.मी.चे दोन थर धरले तर सव्वाआठ मीटर, म्हणजे चौथाई. मग छोट्या बिटने फक्त कोपरे साफ करायचे. बिट बदलायला पाच मिनिटे जातात म्हणून लोक हे टाळतात आणि त्या पाच मिनिटांसाठी अर्धा तास देतात. नागमोडी फेऱ्या घालायच्याच असतील तर त्या पॉकेटच्या लांब बाजूने घालाव्यात, वळणे कमी होतात.

अडॅप्टिव्ह क्लिअरिंगबद्दल मात्र थोडे जपून बोलायला हवे, कारण त्याचे कौतुक फार होते. साध्या मार्गात बिट सरळ जाताना अर्धी रुंदी कापत असेल तर धारेचा लाकडाशी संपर्क ९० अंशांचा असतो. आतल्या काटकोनी कोपऱ्यात तो १८० च्या जवळ जातो, बिटवरचा भार एकदम दुप्पट होतो आणि छोट्या यंत्राची चौकट वाकते. अडॅप्टिव्ह मार्ग हा संपर्क कायम सारखा राखतो, त्यासाठी छोट्या छोट्या वळशांनी पुढे सरकतो. ही रीत इंग्लंडच्या फ्रीस्टीलमधल्या ज्युलियन टॉड आणि मार्टिन डुन्शेन यांनी बांधली आणि पुढे एचएसएमवर्क्समार्फत ती ऑटोडेस्कच्या फ्यूजनमध्ये आली. आज फ्रीकॅड या मोफत साधनातही ती आहे. बाजूने व्यासाच्या दहा टक्केच कापताना चिप प्रत्यक्षात ठरवलेल्या जाडीच्या साठ टक्केच निघते, म्हणून फीड दीडपटीहून अधिक वाढवता येतो आणि पूर्ण खोलीने कापता येते. अॅल्युमिनियमची पट्टी कापणाऱ्या छोट्या यंत्राला हे वरदान आहे. पण तीन मि.मी. खोल एमडीएफला ते बहुधा तोट्याचेच पडते. वळसे असंख्य असतात, प्रत्येक वळशात रिकामी परतीची फेरी असते, आणि कमी प्रवेगाचे यंत्र त्या फेऱ्यांतच दमते. लाकडात साधे पॉकेट आणि धातूत अडॅप्टिव्ह, असा माझा कौल आहे.

उठावाचे चित्र, समजा राजूरच्या गणपतीची २०० बाय २०० मि.मी.ची प्रतिमा, हा रात्रभर यंत्र चालवणारा जॉब समजला जातो. तसे असायची गरज नाही. तीन मि.मी. व्यासाच्या गोल टोकाच्या बिटने ०.३ मि.मी. अंतराने फेऱ्या घातल्या तर मार्ग १३३ मीटरचा होतो. मिनिटाला एक मीटर धरले तर सव्वादोन तास. दोन फेऱ्यांमध्ये उरणारी कड अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येच्या आठपट एवढी असते, इथे ०.००७५ मि.मी. अंतर ०.५ केले तर कड ०.०२ मि.मी. होते. बारीक पॉलिश पेपरचा एक हात फिरवला की ती जाते, आणि वेळ १ तास २० मिनिटांवर येतो. प्रतिमा गोल असेल तर चौकोनाचे कोपरे कोरू नयेत, गोल सीमा आखून दिली की आणखी पाचवा हिस्सा वाचतो. त्याआधी मोठ्या चपट्या बिटने अर्धा मि.मी. शिल्लक ठेवून रफ काढणे आवश्यकच आहे. नाहीतर बारीक बिटला जाड लाकडात शिरावे लागते आणि ते मोडते.

मराठी माणसाचा खास जॉब म्हणजे नामफलक, आणि इथे इंग्रजी मार्गदर्शक काहीच मदत करत नाहीत. कॅम सॉफ्टवेअरच्या मजकूर-साधनात देवनागरी टाकली की अनेकदा वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरे फुटतात. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फाँटनी अक्षरे दिसतात बरोबर, पण ती दुसऱ्या संगणकावर उघडली की गोंधळ होतो. सरळ उपाय म्हणजे मजकूर इंकस्केपमध्ये युनिकोडमध्ये टाइप करणे आणि तिथेच त्याचे बाह्यरेषेत (पाथमध्ये) रूपांतर करणे. एक टाइपचे मुक्त किंवा बलू हे मोफत फाँट कोरीव कामाला चांगले आहेत. मग सगळी अक्षरे युनियन करून एकजीव करणे ही महत्त्वाची पायरी येते. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्या एकजीव केल्या नाहीत तर बिट प्रत्येक जोडाशी शिरोरेखेच्या आतून एक अनावश्यक चीर काढते आणि प्रत्येक अक्षराला स्वतंत्र उचल घेते. एकजीव केल्यावर संपूर्ण शब्द एकच आकार होतो आणि बिट खाली गेले की बऱ्याच वेळाने वर येते.

व्ही-बिटच्या कोनाचा विचारही आपल्या लिपीला वेगळा लागतो. व्ही-कार्व्हिंगमध्ये खोली रेघेच्या रुंदीवर ठरते. दहा मि.मी. जाड शिरोरेखेला साठ अंशांचे बिट ८.७ मि.मी. खोल जाते, नव्वद अंशांचे ५ मि.मी. बारा मि.मी. जाडीच्या फळीवर साठ अंशांचा हट्ट धरला तर फळी कमकुवत होते आणि थर वाढल्याने वेळही वाढतो. ठसठशीत देवनागरीला नव्वद अंश आणि बारीक अक्षरांना साठ, असे धरून चालावे. अक्षरे फारच मोठी असतील तर खोलीला मर्यादा घालून तळ चपट्या बिटने साफ करावा.

साधनांबद्दल आता थोडक्यात सांगता येईल. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि तिच्यातल्या जुन्या पाथ विभागाला कॅम असे नाव मिळाले. शिकायला ते कठीण आहे, पहिला महिना त्रासाचा जातो. पण पूर्ण मोफत, धंद्यासाठी वापरायला मोकळे, आणि अडॅप्टिव्हसकट जवळजवळ सगळे त्यात आहे. विद्यार्थ्याने हेच शिकावे. किरी-मोटो ब्राउझरमध्ये चालते आणि घाईच्या साध्या कामाला फार सोयीचे आहे. जर्मनीचे एस्टलकॅम एकदाच थोडे पैसे घेऊन मिळते. न विकत घेताही ते पूर्ण चालते, फक्त फाइल साठवताना थांबायला लावते. जाळी आणि फलकांपुरते काम असणाऱ्या दुकानदाराला मी हेच सुचवेन. व्हेक्ट्रिकचे व्हीकार्व्ह महाग आहे, पण एकदाच घ्यायचे आहे आणि व्ही-कार्व्हिंगमध्ये त्याच्याइतके सफाईदार दुसरे मिळणे कठीण. त्याच्या डेस्कटॉप आवृत्तीची २५ इंचांची मर्यादा छोट्या राउटरला आडवी येत नाही.

फ्यूजनची वैयक्तिक आवृत्ती फुकट असली तरी २०२० पासून तिच्यातल्या जलद हालचाली फीडच्याच वेगाने होतात आणि एका फाइलमध्ये बिट बदलता येत नाही. छोट्या यंत्रावर या बंधनाचा फटका लोक सांगतात तितका बसत नाही, कारण जलद हालचालीसाठी लागणारा प्रवेगच तिथे नसतो. अडचण वेगळी आहे. ही आवृत्ती बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे. तिच्यावर फलक करून विकायचा धंदा उभा करणे नियमाबाहेरचे आहे. सर्किट बोर्ड कोरणाऱ्या विद्यार्थ्यांना फ्लॅटकॅम आणि उंचसखल पृष्ठभाग मोजून मार्ग जुळवून घेणारे बीसीएनसी, ही दोन मोफत साधने पुरतात. कापण्याआधी कॅमोटिक्समध्ये फाइल चालवून बघितली तर फळी आणि बिट दोन्ही वाचतात.

जालन्यात बसून हा विषय लिहिताना लाईट जाण्याबद्दल लिहिलेच पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांत ते सापडत नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, आर्डुइनोला यूएसबीतून वीज मिळत राहते, पण मोटरचा पुरवठा बंद पडतो. बिट लाकडात रुतून उभे असते आणि ग्रबल मात्र पावले मोजत पुढे जात असतो. लाईट आली की मोटर चुकीच्या जागेवरून धावू लागतात. राउटरचे बटण चालूच राहिले असेल तर तोही फिरू लागतो. लाईट जाताच आधी प्रोग्रॅम थांबवावा, मग राउटरचे बटण बंद करावे, बाकी सगळे नंतर. होमिंगचे स्विच बसवलेले असतील तर जॉबचा शून्यबिंदू ग्रबलच्या स्मृतीत शाबूत असतो आणि होम करून त्याच जागी परत येता येते. शंभर-दोनशे रुपयांचे हे स्विच न बसवता मोठा जॉब लावू नये. आणि टूलपाथ आखतानाच फाइल टप्प्यांत तोडावी: रफ वेगळी, फिनिश वेगळी, चौकट वेगळी, कुठलीही पाऊण तासाहून मोठी नको. चांगल्या टूलपाथमध्ये आपल्याकडे हेही धरले पाहिजे.

शिकण्याची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात इंकस्केपचे धडे मराठीतही आहेत. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, जालन्यात शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय आहेत. पण मोठ्या मशीनसाठी शिकवलेले कोष्टक छोट्या राउटरला लागू पडत नाही आणि सागवान, बाभूळ, शिसम, आंबा यांचे आकडे परदेशी तक्त्यांत सहसा नसतात. तिथे पाइन आणि मेपल असतात. बाभळीसारख्या कडक, आडव्या रेषांच्या लाकडाला किती फीड द्यायचा, हे बाभूळ कापणाऱ्यानेच लिहून ठेवायला हवे.

म्हणून जालन्यातल्या तंत्रनिकेतनाच्या आणि आयटीआयच्या शिक्षकांना, आणि घरी राउटर चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. एक वही ठेवा. लाकूड कोणते, बिट किती मि.मी. आणि किती धारांचे, फेऱ्या, फीड, थराची खोली, यंत्राचा प्रवेग, सॉफ्टवेअरने सांगितलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ, एवढे आठ रकाने मराठीत भरा आणि ते पान पुढच्या माणसाला द्या. फाइलसुद्धा द्या. आपल्या लाकडांचे, आपल्या यंत्रांवरचे असे कोष्टक आज विकत मिळत नाही, ते आपल्यालाच तयार करावे लागेल.